गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅनला अंडं खावंच लागतं का? आई माळकरी आहे

मधुरा_डोंबिवली:
आईला बऱ्याच वर्षांचा डायबिटीस, इन्सुलिन चालू आहे. हल्ली दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं आणि कधीकधी रात्री उलटी झाली की त्यात सकाळच्या भाताची शितं जशीच्या तशी दिसतात. एंडोस्कोपीत अडथळा नाही निघाला म्हणून आता हा स्कॅन लिहून दिलाय, खाल्लेलं पोटातून किती वेळात पुढे सरकतं ते बघतात तो, परळला. सेंटरवाले म्हणतात अंड्याचं सँडविच खायला लागेल, आईने जन्मात अंडं खाल्लेलं नाही. त्यात रेडिओअ‍ॅक्टिव्ह म्हटल्यावर तिने धसकाच घेतलाय, माझी मुलगी तिच्याजवळच झोपते. दुसरीकडे दोन तासांत करून देतो म्हणतात, तिकडे नेऊ का?

गॅमा_कॅमेरा:
मी याच खात्यात टेक्नॉलॉजिस्ट आहे. ताई, दोन तासांवाल्याकडे नका नेऊ. घट्ट अन्न पोट आधी दळतं आणि मग पुढे ढकलतं, त्यामुळे दोन तासांना आकडा बरा दिसतो आणि चौथ्या तासाला गडबड निघते असे पेशंट असतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2008 मध्ये ठरवून दिलंय, खाल्ल्याबरोबर एक फोटो आणि मग 1, 2, 4 तासांनी. दोन तासांनी 60 टक्क्यांच्या वर किंवा चार तासांनी 10 टक्क्यांच्या वर अन्न पोटात उरलं तर पोट हळू रिकामं होतंय. दर वेळी पुढून आणि पाठून दोन्ही फोटो घेतात, कारण अन्न आधी पोटाच्या मागच्या भागात असतं मग पुढे सरकतं, एकाच बाजूने मोजलं तर आकडा चुकतो. मधल्या वेळात नुसतं बाहेर बसायचं.

अंड्याचं म्हणाल तर टेक्नेशियम, म्हणजे फोटोत दिसणारं ते रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध, पांढऱ्या बलकात मिसळून शिजवलं की घट्ट धरून राहतं. नुसतं वरून शिंपडलं तर ते पाण्याबरोबर निघून जाणार, मग अन्न कुठे मोजलं आपण, पाणीच मोजलं. शाकाहारी पेशंटला काही ठिकाणी इडली देतात, औषध पिठात कालवून मग वाफवतात. पण वरचे आकडे अंड्याच्या सँडविचचे आहेत, म्हणून इडलीसाठी नॉर्मल कुठलं धरता हे आधीच विचारा.

रेडिएशनचं एवढं टेन्शन नको. डोस अर्धा ते एक मिलिक्युरी, बोन स्कॅनला याच्या कितीतरी पट देतात. दर 6 तासांनी ते निम्मं होतं, रक्तात जात नाही, शौचावाटे बाहेर पडतं. तरी त्या रात्री मुलीला वेगळं झोपवा, आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

सुनंदा_काळाचौकी:
माझ्या मिस्टरांचं झालंय. त्या दिवशी सकाळी साखर भरपूर वाढलेली आणि तिथे कोणी तपासलीच नाही, नंतर डॉक्टर म्हणाले हा रिपोर्ट धरता येणार नाही, साखर जास्त असली की पोट आपसूकच सुस्तावतं. परत सगळा उपास, परत सगळा खर्च, फार जीवावर आलं हो. 275 च्या वर असेल तर पुढची तारीख घ्या. डॉमपेरिडोनसारख्या पोट लवकर रिकामं करणाऱ्या गोळ्या दोन दिवस आधी बंद करतात, पण डॉक्टरांना विचारूनच. वजनाचं किंवा साखरेचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, त्याने पोट हळू होतं. आणि तंबाखू, मिश्री काहीच नाही त्या दिवशी.

मधुरा_डोंबिवली:
खूप आभार दोघांचे. उपाशीपोटी इन्सुलिनचं काय करायचं? आणि तिला सगळं खाणं संपलंच नाही तर?

गॅमा_कॅमेरा:
इन्सुलिन किती आणि कधी ते तिच्या डायबिटीसच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, सकाळचा पहिला नंबर मागा आणि ग्लुकोमीटर बरोबर ठेवा. खाणं दहा मिनिटांत संपवायचं असतं, नाही संपलं तर किती उरलं ते टेक्नॉलॉजिस्टला दाखवा, तो नोंद करतो. मध्ये उलटी झाली तर लाजून गप्प बसू देऊ नका, लगेच सांगा, नाहीतर उलटीत गेलेलं अन्न पोटातून पुढे सरकलं असंच मोजलं जाईल.