मदत हवी आहे: चार दिवस, पाच महिला सभा, घसा एकच

बहिणींनो, पुढच्या महिन्यात मी आणि जाऊबाई गाडीने निघतोय. चार दिवसांत पाच ख्रिस्ती महिला सभा. संदेश माझा, गाणी दोघींची. विषय मोशेची बहीण मिर्याम हिचा, बायबलमधलं निर्गम 15:20: तिनं डफ घेतला आणि सगळ्या स्त्रिया तिच्यामागे निघाल्या. विषय ठरला, पण घशाचं काय? मागच्या खेपेला गाडीत काच खाली करून दिवसभर सराव केला आणि संध्याकाळी दुसऱ्याच कडव्याला आवाज बसला. जाऊबाई पेटीवर सूर धरून बसल्या, मी नुसती ओठ हलवत उभी! आधी बोलावं की गावं? पट्टी किती उतरवू? आणि तीच साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, पाचव्यांदा सांगताना पाठ केल्यासारखी वाटू नये म्हणून तुम्ही काय करता?