पोलिसांनीच ती साइट अकरा महिने चालवली. बरोबर केलं?

ओसरीवरून:
‘चाइल्ड्स प्ले’ ही डार्क वेबवरची, म्हणजे इंटरनेटच्या छुप्या भागातली साइट. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे फोटो, व्हिडिओ. दहा लाखांवर खाती. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिचा चालक अमेरिकेत पकडला गेला आणि साइट ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड पोलिसांच्या ‘टास्क फोर्स आर्गोस’च्या हाती आली. त्यांनी ती बंद केली नाही, पुढचे अकरा महिने स्वतः चालवली. २०१७ मध्ये नॉर्वेच्या ‘व्हेर्डेन्स गांग’ दैनिकाने हे बाहेर काढलं.

माझ्या घशाखाली न उतरणारी गोष्ट पुढेच आहे. चालकाने सभासदांना सांगून ठेवलं होतं की दर महिन्याच्या निरोपासोबत अत्याचाराचा एक फोटो असेल. फोटो नसला की समजा, मी गेलो. पोलिस असला फोटो टाकायला धजणार नाहीत, हा हिशेब.

पोलिसांनी टाकला. तिथल्या कायद्यात बसतं म्हणे. पण फोटोतल्या पोराला कोणी विचारलं?

खाकीचा शेजारी:
असहमत. साइट बंद केली असती तर ते दहा लाख काय भजनाला बसले असते? महिन्याभरात दुसरीकडे जमले असते, आणि तिथली किल्ली पोलिसांकडे नसती.

आर्गोसचा भर मुलं शोधण्यावर असतो. भिंतीवरचं सॉकेट, चादरीची नक्षी, गणवेशाचा कोपरा, यावरून देश आणि मग घर. युरोपीय संघाची पोलिस संस्था युरोपोल तर २०१७ पासून अशा फोटोंतल्या फक्त पिशव्या, बाटल्या, कपडे कापून लोकांपुढे ठेवतं आणि विचारतं, ही वस्तू कुठे मिळते? हे चिकाटीचं काम आहे. घरबसल्या नाकं मुरडणं सोपं.

वकीलीण:
दोघंही दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवताय. गळ टाकणं वेगळं, माशाला भूक लावणं वेगळं. नेब्रास्कातल्या एका शेतकऱ्याला अमेरिकी सरकारी खात्यांनी खोट्या संस्थांच्या नावाने २६ महिने पत्रं धाडली, शेवटी त्याने लहान मुलांच्या अश्लील फोटोंचं मासिक मागवलं. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी शिक्षा रद्द केली. ही इच्छा सरकारने पेरलेली नव्हती, हे सरकारला दाखवता आलं नाही.

चाइल्ड्स प्लेवर कोणाला ओढून आणलं नव्हतं, तेव्हा ‘सरकारनेच फशी पाडलं’ हा बचाव तिथे टिकणार नाही. ओसरीवरून यांचा प्रश्न आरोपीच्या हक्काचा नाहीच, पोराच्या हक्काचा आहे. त्याला कोर्टात वकील नसतो.

ओसरीवरून:
नेमकं. एका पीडित मुलीच्या आईने त्या दैनिकाला हेच सांगितलं: माझ्या मुलीचा आमिष म्हणून वापर नको.

आणि काळ बघा. एफबीआयने २०१५ मध्ये अशीच ‘प्लेपेन’ साइट १३ दिवस चालवली, तेवढ्यावरही टीका झाली. इथे अकरा महिने!

खाकीचा शेजारी:
प्लेपेनचा दाखला तुमच्यावरच उलटतो. १३ दिवसांत सभासदांच्या कॉम्प्युटरमध्ये हेरगिरीचा प्रोग्रॅम सोडून पत्ते काढले. व्हर्जिनियातल्या एका मॅजिस्ट्रेटचं वॉरंट जगभर कसं चालेल, यावर पुढे काही वर्षं कोर्टं भांडली. वर २०१७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातला एक खटला सरकारनेच सोडला, का तर तो कोड बचाव पक्षाला दाखवायचा नव्हता. घाईने माणसं सापडतात हो, मुलं सापडायला वेळ लागतो.

वकीलीण:
मधली वाट आहे. जर्मनीने २०२० मध्ये कायदा बदलला. असल्या साइटवर शिरायला पोलिस कोर्टाच्या परवानगीने कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र देऊ शकतात. खऱ्या मुलाचं नाही.

खाकीचा शेजारी:
आणि तिथल्या मुरलेल्यांनी बनावट ओळखलं तर? एका रात्रीत सगळे पसार.

ओसरीवरून:
तर होतील पसार. ती जोखीम पोलिसांनी घ्यावी, पोराच्या माथी का? आणि साइट चालू होती म्हणजे त्या अकरा महिन्यांत नवे व्हिडिओही चढतच होते. सुटलेल्या मुलांचा आकडा मोजताना तेही मोजा.