अण्णांसाठी आईच्या साड्यांची बंडी : डाव्या बाहीचं काय करू?

गोदाकाठ
नमस्कार. माझे वडील, अण्णा, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. दर वेळी चार तास. रक्त शरीराबाहेर फिरून येतं, त्यात तिथला एसी आणि वर नाशिकची थंडी. तासाभरात ते कुडकुडायला लागतात. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने जोडून केलेली रक्तवाहिनी, डाव्या हातात, कोपराच्या खाली. स्वेटरची बाही वर सरकवली की दंडाला आवळते, आणि शाल घसरली तर एका हाताने सावरता येत नाही.

आईच्या सुती इरकली माझ्याकडे आहेत, धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या. त्यांची पूर्ण बाह्यांची बंडी शिवायची आहे, गोधडीसारखा धावदोरा घालून. गोधडी मला येते, सासूबाईंनी शिकवली. अंगात घालायचं असं काही मात्र कधी शिवलेलं नाही. मध्ये काय घालू, पिंजलेला कापूस की जुनं धोतर? आधी बेतून मग टाके घालू की उलट? आणि डावी बाही उघडायला चेन, टिचबटणं की वेल्क्रो?

तयार जॅकेट आणू, असं भाऊ म्हणतो. पण अण्णा यातली प्रत्येक साडी ओळखतात. हिरवी पंढरपुरात घेतली, हे अजून सांगतात. मला हीच बंडी करायची आहे.

रविवारपेठ
ताई, सुटा कापूस नको. बंडी वरचेवर धुवावी लागणार, कापसाचे गोळे होतील. जुनं धोतर दोन पदरी घाला किंवा एक पदर फ्लॅनेल. फ्लॅनेल नवं असेल तर आधी भिजवून, वाळवून घ्या, ते आटतं. इरकलीच्या लाल पदराचा रंग जातो का तेही बघा : ओला पांढरा फडका त्यावर दाबून धरा.

आधी टाके, मग बेतणं. धावदोऱ्याने कापड आत ओढलं जातं. आधीच बेतलंत तर छातीत हमखास कमी पडेल. पाठ, दोन्ही पुढे आणि बाह्या यांचे तुकडे चारी बाजूंनी चार बोटं मोठे घ्या, कच्चा दोरा घाला, मधून कडेकडे टाके घालत जा आणि मगच कागदी नमुना ठेवून कापा. मुंढ्याला (बाही जोडतात तिथे) आणि खांद्याला शिलाईच्या जागेतलं मधलं धोतर कापून टाका, नाहीतर तिथे जाड वळकटी होते आणि आडवं पडलं की टोचते.

रात्रपाळी
मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. बाहीबद्दल सांगतो.

टिचबटणं नकोत, ती लावताना हातावर दाबावं लागतं. फिस्टुलावर दाब नको. दंडाला इलॅस्टिक नको, मनगटाला घट्ट पट्टी नको. चेनचे दात कातडीला लागतात. बाही वरच्या अंगाने खांद्यापासून मनगटापर्यंत पूर्ण उघडी ठेवा आणि बंद लावा, सैल बांधता येतील असे.

सगळ्यात महत्त्वाचं : मशीन चालू असताना सुया आणि नळ्या आम्हाला सतत दिसल्या पाहिजेत. मशीन मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिली रक्त ओढतं, शिवाय रक्त गोठू नये म्हणून बहुतेकांना हेपॅरिन दिलेलं असतं. कपड्याखाली सुई निसटली आणि कुणाला दिसली नाही, तर जिवावर बेतू शकतं. त्यामुळे डाव्या कोपराखाली ऊब मिळणार नाही, हे धरूनच चाला. दंड, छाती, पाठ झाका. बाकीच्या अंगाला त्याने बराच फरक पडतो.

सिद्धेश्वर पेठ
पुढची बाजू बाराबंदीसारखी का नाही करत? आमच्याकडे सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत भाविक पांढरी बाराबंदी घालतात. एका पुढ्यावर दुसरा पुढा येतो, कडेला बंद. दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात पाणी साठून वजन वाढतं ना, माझ्या काकांचं व्हायचं. बटणाची बंडी त्या दिवशी आवळते. ही हवी तेवढी सैल बांधता येते, आणि छातीवर आपोआप दुप्पट थर येतो.

गोदाकाठ
बाराबंदीचं डोक्यातच आलं नव्हतं! अण्णांचे वडील तीच घालायचे. ठरलं, पुढा तसाच. मध्ये दोन पदरी धोतर, आतून मलमल. इरकलीचे काठ उरतात, ते गळ्याला लावू का?

रविवारपेठ
काठ सरळ धाग्याचा, गळ्याच्या गोलाईवर बसणार नाही, चुण्या पडतील. गळ्याला आणि बाहीच्या कडेला साडीच्या अंगातून तिरक्या पट्ट्या काढून गोट लावा. काठाचे बंद करा. दुहेरी दुमडून शिवा, चांगले वीतभर लांब, म्हणजे अण्णांना स्वतः एका हाताने ओढून सोडता येतील.

रात्रपाळी
रक्ताचा डाग पडलाच तर लगेच गार पाण्यात. गरम पाण्याने तो पक्का होतो. डाव्या बाहीचं अस्तर फिकट रंगाचं घ्या, ओल आली तर लगेच कळते.