टायर बदलायचेत: दोन की चार? आणि लेबलवरचे ए-बी-सी कितपत खरे?

दुसरा_गिअर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गाडी सेकंडहँड घेतलेली, सहा वर्षांची. साइझ १८५/६५ आर१५ ८८एच (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, शेवटी भार-वेगाचा कोड). पुढच्या दोन टायरची नक्षी साधारण २ मिमीवर आलीये, मागच्या दोघांची ४ तरी असेल. रोज शहरातलं चालवणं, महिन्यातून दोनदा हायवे, तेव्हा मुलं-सामान धरून गाडी गच्च भरलेली.
मागच्या आठवड्यात पावसात सिग्नलला ब्रेक मारला, एबीएसची (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) कडकड पायाला जाणवली आणि गाडी झेब्रा क्रॉसिंग ओलांडून थांबली. समोर कोणी नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.
बजेट मधलं. सगळ्यात महाग नकोत, नाव न ऐकलेले स्वस्तही नकोत. दोन घेऊ की चार? दोन घेतले तर पुढे की मागे? आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए, बी असे ग्रेड देतात, त्यावर किती विसंबायचं?

खटारा_प्रेमी
मिशलिन. डोळे मिटून. विषय संपला.

दुसरा_गिअर
बजेट लिहिलंय वर.

खटारा_प्रेमी
वाचलं. टायरमध्ये बजेट बघायचं नसतं. हप्त्यावर घ्या. मी तीन गाड्यांना घातले, तिन्ही वेळा आवाज शून्य. बायको म्हणाली गाडी बदलली का?

साठीचा_सारथी
आमच्या काळी ग्रेड-बिड नव्हतं. टायर गुळगुळीत होऊन आतला दोरा दिसेपर्यंत चालवायचो. माझ्या आत्ताच्या सेटचे ८५ हजार किमी झालेत आणि अजून झकास आहेत. गाडी नीट चालवली की टायर टिकतात. हल्लीची मुलं ब्रेकवर उभी राहतात, मग टायरला दोष.

रबरी_शिक्का
काका, ८५ हजारांनंतर नक्षी किती उरलीय तेही लिहा की. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात बघा, बाजूला टी-डब्ल्यू-आय किंवा छोटा त्रिकोण छापलेला असतो. ते १.६ मिमी उंच असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की बहुतेक देशांत टायर कायद्याने बाद. नव्या टायरची खाच साधारण ८ मिमी असते, म्हणजे कायदा तुम्हाला टायर जवळजवळ संपवूनच बदलायला सांगतो. २ मिमीवर पावसात गाडी पुढे सरकली यात नवल काय?

साठीचा_सारथी
मोजलेली नाही. झकास आहेत म्हटलं ना.

भलताच_मार्ग
स्वस्तातले घेऊ नका हे माझ्याकडून लिहून घ्या. नाव घेत नाही, पण कधी न ऐकलेल्या कंपनीचे चार घेतले होते. सात महिन्यांत एकाच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. खड्ड्यात आदळला असणार म्हणून वॉरंटी नाकारली. आता खड्डा न लागता कुठे गाडी चालवायची, सांगा.

रबरी_शिक्का
फुगा म्हणजे बाजूच्या आतले धागे तुटलेत. तो महागातल्या टायरलाही येतो. मात्र फुगा दिसला की टायर काढायचाच, "अजून थोडे दिवस" नाही. बाजूचं पंक्चरही काढून घ्यायचं नाही. दुरुस्ती फक्त मधल्या पट्ट्यात, आणि तीही टायर रिमवरून उतरवून आतून ठिगळ लावून. बाहेरून दोरी कोंबलेली तात्पुरती समजा.

रुंद_रबर
साइझ वाढवा राव! १८५ म्हणजे सायकलचं टायर. मी २०५/६५ टाकलेत. गाडी रस्त्याला चिकटून चालते, दिसतेही दमदार.

आकडेमोड्या
२०५/६५ टाकलं की चाकाचा व्यास ६२१.५ वरून ६४७.५ मिमी होतो. चार टक्क्यांहून जास्त. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा ४ नी जोरात पळत असेल. वळणावर पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर आत घासतंय का तेही बघा. रुंदी वाढवायचीच तर उंचीचा आकडा कमी करावा लागतो: १९५/६० घेतलं तर फरक जेमतेम एक टक्का. आणि रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो हे विसरू नका. धागाकर्त्याचं दुखणं पावसाचंच आहे.

रुंद_रबर
माझी कुठेच घासत नाही. एकदाच घासली होती.

शुद्ध_वारा
कोणीच सांगितलं नाही म्हणून सांगतो. टायर कुठलाही घ्या, हवा नायट्रोजनची भरा. टायर गार राहतो, फुटत नाही.

आकडेमोड्या
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

शुद्ध_वारा
मग विमानात का भरतात?

आकडेमोड्या
विमानाच्या ब्रेकची उष्णता आणि तुमच्या गाडीच्या ब्रेकची यात फरक आहे. शिवाय कोरड्या नायट्रोजनमध्ये ओलावा नसतो, उंचावर गोठायला काही उरत नाही. गाडीला महिन्यातून एकदा दाब तपासणं त्याहून कितीतरी उपयोगाचं.

(इथे नायट्रोजनवर आणखी अकरा प्रतिसाद झाले. संपादकांनी वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

दुसरा_गिअर
धन्यवाद, पण ग्रेडचं कोणीच बोललं नाही.

चाचणी_मैदान
मी बोलतो. थोडं लांबेल.
युरोपात टायरवर लेबल लावण्याची सक्ती २०१२ च्या नोव्हेंबरपासून आहे. १ मे २०२१ पासून नवं लेबल आलं. त्यात इंधन बचत ए ते ई, ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई, आणि बाहेर ऐकू येणारा आवाज डेसिबलमध्ये. पकडीची चाचणी अशी: नवा टायर, ओला केलेला रस्ता, वर अर्धा ते दीड मिमी पाणी, ब्रेक लावून वेग ८० वरून २० वर. मग एका ठरवून दिलेल्या संदर्भ टायरशी तुलना.
आता यात काय नाही ते बघा. कोरड्या रस्त्यावरचा ब्रेक नाही. वळण नाही. साचलेलं पाणी नाही, कारण दीड मिमीला कोणी डबकं म्हणत नाही. किती किमी टिकेल तेही नाही. तेव्हा ए म्हणजे "सगळ्यात चांगला टायर" असं नाही. ठरावीक परीक्षेतल्या एका पेपरात पहिला, एवढंच.

खोडसाळ
आणि तो पेपर कंपनीनेच तपासायचा! स्वतःच लिहा, स्वतःच मार्क द्या.

चाचणी_मैदान
अर्धं बरोबर. लेबलवरचा ग्रेड कंपनी जाहीर करते, सरकारी यंत्रणेने नंतर बाजारातून टायर उचलून तपासायचा असतो. पण किमान पकड, चाक फिरताना होणारा रोध आणि आवाज यांच्या मर्यादा टायर बाजारात येण्याआधीच्या मान्यतेत तपासल्या जातात. बाजूवर गोलात ई आणि एक आकडा दिसतो ती त्या मान्यतेची खूण.
अमेरिकेचा प्रकार निराळा. तिथे ट्रेडवेअर (झीज) ४००, ट्रॅक्शन (पकड) ए, टेम्परेचर (उष्णता सोसणं) बी असं बाजूवरच कोरलेलं असतं. ट्रेडवेअरसाठी गाड्यांचा ताफा ७,२०० मैल चालवून झीज मोजतात. १०० आकड्याच्या टायरपेक्षा ४०० वाला त्या रस्त्यावर चौपट टिकावा, असा अर्थ. पण आकडा शेवटी कंपनी ठरवते, म्हणून एका कंपनीचा ४०० दुसरीच्या ४०० शी ताडून बघू नका. ट्रॅक्शन ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर सरळ रेषेत ब्रेक लावून मोजतात. वळणाचा पेपर तिथेही नाही.

खोडसाळ
म्हणजे मानकं ही धूळफेक. मी म्हणतच होतो.

चाचणी_मैदान
नाही हो. मानकं जुनाट राहिली की काय होतं तेही पाहिलंय जगाने. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनचे सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले, त्यातले बरेच फोर्ड एक्सप्लोररवर होते. नक्षीचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या. तोवर तिथला कारच्या टायरचा नियम १९६० च्या दशकातला होता. त्या प्रकरणानंतर कायदा झाला, चाचण्या कडक झाल्या, आणि हवेचा दाब कमी झाला की पेटणारा दिवा नव्या गाड्यांत सक्तीचा झाला. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा त्या अपघातांतून आलाय.
मानक म्हणजे पास होण्याचे ३५ मार्क. त्याच्या वर कोण किती, हे सांगायचं काम मानकाचं नाही.
खरा वाद वेगळाच आहे. नवा टायर तपासून गिऱ्हाइकाला काय कळतं? तो टायरचं निम्मं आयुष्य झिजलेल्या टायरवर काढतो. नवे असताना सारखे असलेले दोन टायर २ मिमीवर येईपर्यंत बरेच वेगळे वागू शकतात. एक बाजू म्हणते ३ मिमीलाच बदला. दुसरी म्हणते, चांगले टायर फुकट कशाला फेकायचे, झिजलेल्या टायरचीच चाचणी घ्या. युरोपात जुलै २०२४ पासून नव्याने मान्यतेला येणाऱ्या टायरना झिजलेल्या अवस्थेतही ओल्या रस्त्यावर किमान पकड दाखवावी लागते. मला दुसरी बाजू पटते.

साठीचा_सारथी
म्हणजे मी बरोबर होतो.

घाटवळण
सगळे कंपन्यांवर भांडताय, मूळ प्रश्न राहिला. दोन घेतलेत तर नवे मागे. पुढे नाही.
मीही "इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मग नवे पुढे" म्हणून पुढे टाकले होते. उताराचं डावं वळण, रस्ता ओला, वेग फार नव्हता. पुढची चाकं मुकाट वळली आणि मागची बाजू माझ्या शेजारून पुढे यायला लागली. गाडी अर्धी गिरकी घेऊन आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. वायपर चालूच होते. मागून ट्रक नव्हता म्हणून हे लिहितोय.
पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि कळतं तरी, पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. मागची सुटली की आपल्यासारख्याच्या हातात काही राहत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात.

भलताच_मार्ग
पुढेच टाकायचे असतात. आमचा टायरवाला पुढेच टाकतो.

खटारा_प्रेमी
चार टाका. मिशलिन.

आकडेमोड्या
घाटवळण यांच्याशी शंभर टक्के सहमत. आणखी एक. नासाने विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून एक सूत्र निघालंय. साचलेल्या पाण्यावर टायर कुठल्या वेगाला तरंगायला लागतो ते हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ३३ पीएसआयला साधारण ताशी ९५ किमी. दाब २४ वर उतरू दिला तर ८२. कारच्या नक्षीदार टायरला हे तंतोतंत लागू नाही, पण दिशा कळते. गच्च भरलेली गाडी आणि कमी हवा घेऊन पावसात हायवेला जाऊ नका. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा, तेवढी हवा मारायची नसते.

मितभाषी_मीना
दोनच गोष्टी. घेण्याआधी तारीख बघा: टायरच्या बाजूवर कोरलेल्या 'डीओटी' या अक्षरांच्या पुढचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बसवल्यावर बाजूवर "आउटसाइड" लिहिलेलं बाहेर आहे ना ते स्वतः बघा, टायरवाल्याला विचारू नका.

दुसरा_गिअर
मीनाताई, तुमच्यामुळे काल रात्री टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो. चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि माझ्या दोन टायरवर ती बाजू आत होती. तीन टायर गाडीच्याच वयाचे निघाले. मागचा उजवा त्यांच्याहून पावणेदोन वर्षं जुना! आधीच्या मालकाने कुठला तरी उचलून टाकला असणार. नक्षी याचीच सगळ्यात जास्त, म्हणून मी त्याला सगळ्यात चांगला समजत होतो. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा, नखाने दाबलं तर रबर दबतच नाही.

घाटवळण
मग दोनचा प्रश्नच मिटला.

दुसरा_गिअर
आज घेतले. चार. मिशलिन नाही, २०५ नाही, नायट्रोजन नाही. गाडीबरोबर जे आले होते तेच मॉडेल, तीच साइझ. ए ग्रेडचा एक होता पण त्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची. हा बी ग्रेडचा आणि दोन महिन्यांपूर्वीचा बनलेला. शिवाय हा टायर झिजत आल्यावर कसा वागतो ते मी सिग्नलला पाहिलेलं आहे, आता ३ मिमीलाच बदलीन.

खटारा_प्रेमी
मग विचारलंच कशाला?

रुंद_रबर
१८५! अरेरे.

चाचणी_मैदान
तीन वर्षं नीट ठेवलेला ए मी घेतला असता. पण ठीक.

दुसरा_गिअर
ताजी खबर. घरी येऊन चारही बाजूंनी फिरलो. मागच्या डाव्यावर "इनसाइड" माझ्याकडे बघत होतं. परत गेलो. कामगार म्हणाला, "चालतं साहेब, गोलच फिरतं." उलटवून घेतला, बॅलन्सिंग पुन्हा करून घेतलं. दाब तपासला तर चारहींत ४४ भरलेली, टायरवरचा आकडा वाचून. स्टिकरवर ३३ आहे.

मितभाषी_मीना
स्टेपनी?

दुसरा_गिअर
आत्ता उघडून बघितली. ११ पीएसआय.