मंगळावरचा संवाद पोकळ का वाटला?

प्रश्न (वाशी): महोत्सवात काल पाहिलेल्या विज्ञानपटात मंगळावरची नायिका पृथ्वीवरच्या आईशी शेजारच्या खोलीत असल्यासारखी सलग बोलते, आणि तिथेच चित्रपटावरून माझे मन उडाले. माझी अपेक्षा फार कठोर आहे का?

उत्तर (ठाणे): मुळीच नाही. मंगळाचे अंतर सतत बदलत असल्याने संदेश एका बाजूने पोहोचायलाच सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे ‘जेवलीस का?’ याचे उत्तर येईपर्यंत आईच्या ताटातली भाकरी गार झालेली असते. खरे नाट्य त्या थांबण्यातच होते आणि नेमके तेच गाळले, याचे मला फार वाईट वाटते.

उत्तर (नेरूळ): मंगळावरचा निळसर सूर्यास्त मात्र त्यांनी अचूक दाखवला आहे.

प्रश्नकर्ता: तो मलाही आवडला, म्हणूनच हळहळ अधिक वाटते.