मदत हवी आहे: लेकीला दर महिन्याला येणारा ताप

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो, लेक साडेतीन वर्षांची. दर चार-एक आठवड्यांनी तिला १०३ पर्यंत ताप चढतो, घसा लाल, मानेत गाठी, तोंडात बारीक फोड. चार-पाच दिवसांनी आपोआप उतरतो आणि मग पोरगी ठणठणीत! वजन, उंची व्यवस्थित. सर्दी-खोकला नाही, घरात दुसऱ्या कुणाला लागणही होत नाही. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या केल्या, निगेटिव्ह. अँटिबायोटिकने ढिम्म फरक पडत नाही. सासूबाईंनी दृष्टही काढून झाली.

आता नव्या डॉक्टरांना ‘पीफापा’ची शंका आहे. १९८७ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला, बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होणारा आजार. यात जंतुसंसर्ग नसतो, प्रतिकारयंत्रणाच ठरावीक काळाने भडकते. बहुतेक मुलांत वय वाढेल तसा थांबतो. पक्कं निदान करणारी रक्तचाचणी नाही, म्हणून तापाची वही ठेवायला सांगितली आहे. शिवाय सायक्लिक न्यूट्रोपेनिया (ठरावीक काळाने रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी खूप कमी होण्याचा आजार) नाही ना, हे बघायला सहा आठवडे आठवड्यातून दोनदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी. (एवढ्याशा हाताला एवढ्या सुया!)

कुणाच्या मुलाला हे झालंय का? स्टेरॉइडच्या एका डोसने ताप काही तासांत उतरतो, पण पुढचा लवकर येऊ शकतो म्हणतात. तुमचा अनुभव काय? टॉन्सिल काढल्यावर ताप थांबला का? आणि पुण्यात लहान मुलांचे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आणि अशा प्रतिकारयंत्रणेच्या आजारांचे डॉक्टर) कोण चांगले?

गुळवेलीचा काढा कृपया सुचवू नका.