१८ फुटी जुन्या फायबर होडीला नवं आउटबोर्ड कुठलं घ्यावं?

खाडीकाठ: फायबरची होडी, १८ फूट, पाण्यावरची लांबी साधारण १६ फूट, तळ गोलसर. मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन (आउटबोर्ड) सध्या १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आहे, शॉर्ट शाफ्ट म्हणजे आखूड दांड्याचं, वजन ३६ किलो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) एका सिलिंडरला ११० पीएसआय, दुसऱ्याला ७०, म्हणजे दुसरा झिजलाय. रिंगा-पिस्टनवर खर्च करण्यापेक्षा नवंच घ्यावं म्हणतोय. वापर खाडीत, कधी खाडीच्या मुखाबाहेर समुद्रात. माणसं-जाळी धरून भार साडेतीनशे किलो. मागच्या फळीची उंची १७ इंच. फोर-स्ट्रोक घ्यावं का? २५ लावलं तर वेग वाढेल?

पाना_१३: २५ विसरा. गोल तळाची होडी पाण्यावर उचलून घसरत नाही, पाणी ढकलत जाते. तिच्या वेगाची मर्यादा म्हणजे पाण्यावरच्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ गुणिले १.३४, एवढे नॉट. १६ फुटांना ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्यापुढे जोर लावला की मागची बाजू बसते, नाळ (पुढचं टोक) वर येते आणि पेट्रोल जळतं. शांत खाडीत ९.९ हॉर्सपॉवर सुद्धा पुरेल. मुखावर ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की हाताशी ताकद हवी, म्हणून १५ ठीक. बऱ्याच कंपन्यांचं ९.९ आणि १५ एकाच ब्लॉकवर असतं, वजनात फरक नसतो.

शाफ्टचं मात्र नीट बघा. शॉर्ट म्हणजे १५ इंच असं सगळे सांगतात, पण काही फोर-स्ट्रोकना प्रत्यक्षात ४३५–४४० मि.मी. मिळतात, म्हणजे सव्वासतरा इंच. तुमच्या फळीला तेच बसेल. माहितीपत्रकात ट्रान्समची (मागच्या फळीची) उंची मिलिमीटरमध्ये वाचा, दुकानदाराच्या ‘शॉर्ट’वर जाऊ नका. फळी मापताना टेप उभा धरा, फळीच्या उतारावरून नको. पंख्यावरची (प्रोपेलरवरची) आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर वळताना पंखा हवा ओढतो, आवाज चढतो आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर ओढ वाढते आणि उथळात पंखा रेतीला लागतो.

दर्याकिनारा: आधी फळी तपासा, मग इंजिन. जुन्या फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि इंजिन आवळायच्या क्लॅम्पच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. हातोडीच्या दांड्याने ठोका. ‘टक’ऐवजी ‘भद’ आलं तर आतल्या बाजूने, खाली, ६ मि.मी.चं भोक पाडा. भुसा काळा, ओला निघाला तर फळी बदलल्याशिवाय ५० किलोचं फोर-स्ट्रोक टांगू नका. चांगली असेल तर भोकात इपॉक्सी भरा. नुसत्या क्लॅम्पवर भरवसा नको. स्टेनलेस बोल्ट आरपार, आत रुंद पट्टी, भोकांत सीलंट. वाढलेलं वजन मागे येतं, म्हणून टाकी आणि नांगर पुढे सरकवा.

पाना_१३: बरोबर. आणि पंखा. सोबत येणारा बहुधा हलक्या होडीचा असतो. पूर्ण भाराने, पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) मोजा. १५ च्या फोर-स्ट्रोकला साधारण ५००० ते ६००० हवेत. ४६०० वरच अडकलं तर इंजिन दबून चालतंय, कार्बन धरेल. पिच (पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) एक इंच कमी केला की सुमारे २०० आरपीएम वाढतात. म्हणजे १० ऐवजी ८ चा लावा.

खाडीकाठ: जुनी टाकी आणि ट्यूब चालेल?

दर्याकिनारा: टाकी चालेल, पण ऑइल मिसळलेलं पेट्रोल पूर्ण काढा, फोर-स्ट्रोकचे प्लग काळे पडतात. ट्यूब नवीच घ्या. आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबराचे आतले पापुद्रे सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. इथेनॉल ओलही खेचतं, म्हणून पावसाळी बंदीत होडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी आणि कार्बोरेटरचा बाउल काढून कोरडा. ट्यूब इंजिनला जोडायचं कपलिंग कंपनीप्रमाणे वेगळं असतं, इंजिनबरोबरच मागून घ्या. ट्यूबवरच्या हातपंपाच्या फुग्यावरचा बाण इंजिनकडे, उलटा बसवलात तर पेट्रोल चढणारच नाही.